प्रज्ञाचक्षूंना कोणी वाचून दाखवले?

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात माधान नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावच्या गोंदुजी मोहोड नावाच्या शेतकऱ्याला ६ जुलै १८८१ रोजी मुलगा झाला. मूल नऊ महिन्यांचे असताना त्याच्या डोळ्यांत चुकीचे औषध घातले गेले आणि त्याची दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आई अलोकाबाई वारली. शाळेची पायरी या मुलाने कधी चढली नाही, आणि चढला असता तरी त्या काळच्या वऱ्हाडी खेड्यातल्या शाळेला त्याच्यासाठी करता येण्यासारखे काही नव्हते. हा मुलगा पुढे अवघे चौतीस वर्षे जगला. तेवढ्या आयुष्यात त्याने लहानमोठे सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. त्यांची पाने सहा हजारांच्या वर भरतात. वेदान्त, भक्तिशास्त्र, योग, व्याकरण, आयुर्वेद आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरील टीका असा त्यांचा पसारा आहे. महाराष्ट्र त्याला प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज म्हणून ओळखतो.

गुलाबराव महाराजांची चरित्रे बहुतेक भक्तांनी लिहिली आहेत आणि चमत्कारांच्या कथा भक्तमंडळींत पुष्कळ सांगितल्या जातात. भक्ताने त्या जरूर सांगाव्यात. मी त्यांचा सांप्रदायिक अनुयायी नाही आणि त्यांच्या मधुराद्वैताचा अधिकारी जाणकारही नाही. नांदेडसारख्या गावात आयुष्य काढलेला एक वाचक म्हणून मला त्यांच्या चरित्रात एक साधा, व्यावहारिक प्रश्न पडत आला आहे. ज्याला अक्षर दिसत नव्हते, ज्याच्या बोटांखाली ब्रेलची लिपी कोणी ठेवली नव्हती, त्याने इतके ग्रंथ वाचले कसे? उत्तर एका वाक्याचे आहे. त्यांना कोणीतरी वाचून दाखवले. पण या 'कोणीतरी'चा विचार करू लागलो की प्रश्न माधानला थांबत नाही, तो थेट आपल्या नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांपर्यंत येऊन पोचतो.

आपल्याला माधान परके वाटायचे कारण नाही. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातून वऱ्हाड लागते. माहूरच्या यात्रेला दोन्हीकडचे लोक येतात. शिवाय महाराजांचा जन्म झाला तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच होते. १८५३ मध्ये ते कारभारासाठी इंग्रजांकडे गेले आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. गोदावरीकाठचे नांदेड आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले माधान एकाच मुलखात मोडत होते. आणखी एक नाते आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. महाराजांनी ज्यांना आपले सर्वस्व मानले त्या ज्ञानेश्वरांचे मूळ गाव आपेगाव. पैठणजवळ गोदावरीच्या काठी असलेले हे गाव मराठवाड्यातलेच.

आई गेल्यावर मुलगा आजोळी, लोणी टाकळीला, आजीपाशी वाढला. आंधळे मूल घरात असले की खेड्यात त्याच्या वाट्याला काय येते हे सांगायला नको. जेवायला मिळते, मायाही मिळते, पण हे पोर पुढे काय करणार, असा एक सुस्कारा त्याच्या अवतीभवती सतत फिरत असतो. या मुलापाशी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे विलक्षण स्मरणशक्ती. दुसरी म्हणजे ऐकण्याची भूक. गावात भजन असो, कीर्तन असो, पोथी असो, तो तिथे बसलेला असे. पोथी ही आपल्याकडे ऐकायचीच गोष्ट होती, हे इथे विसरता कामा नये. एकाने वाचायचे आणि गावाने ऐकायचे. श्रावणात देवळात हरिविजय किंवा पांडवप्रताप लागला की निरक्षर शेतकरी आणि डोळस पाटील एकाच सतरंजीवर बसत. त्या सतरंजीवर आंधळा मुलगा कोणाहून उणा नव्हता. वाचणाऱ्याचा आवाज सगळ्यांना सारखाच ऐकू येत होता.

पण पोथीने त्याची भूक भागेना. त्याला उपनिषदे हवी होती, शंकराचार्यांची भाष्ये हवी होती, षड्दर्शने हवी होती. ही काही देवळात लागणारी पुस्तके नव्हेत. इथे दोन भिंती आडव्या होत्या. पहिली डोळ्यांची आणि दुसरी भाषेची. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला संस्कृत कोण शिकवणार? तेव्हा संस्कृत ग्रंथ वाचू शकणारा माणूस गाठायचा, त्याची मनधरणी करायची, त्याच्या सवडीने बसायचे आणि एकदा कानावर पडलेले पक्के करून घ्यायचे, असा हा अभ्यास होता. पुढे पुढे तर इंग्रजी जाणणारे लोक गाठून स्पेन्सर आणि डार्विन यांची मतेही त्यांनी समजून घेतली आणि त्यांचा प्रतिवाद केला. आर्य बाहेरून आले हे त्या काळी सर्वमान्य होत चाललेले मतही त्यांनी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचे खंडन आज सर्वांना पटेल असे नाही, मलाही ते सगळे पटत नाही. पण ज्या मताचे खंडन करायचे ते आधी कोणाकडून तरी नीट वाचून, उलगडून घ्यावे लागते, ही गोष्ट त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी होती.

वाचून दाखवणे म्हणजे काय, याचा मला थोडा अनुभव आहे. नांदेडला मी एका अंध विद्यार्थ्याला त्याच्या पदवीच्या काळात आठवड्यातून दोनदा वाचून दाखवत असे. तासाभरात वीस-पंचवीस पाने होतात, त्यानंतर घसा बसतो. डोळस माणूस पान चाळतो, नको ते सोडतो, मागे जातो, खूण करून ठेवतो. ऐकणाऱ्याला हे काही करता येत नाही. मागचा परिच्छेद पुन्हा हवा असेल तर विनंती करावी लागते, आणि तीनदा विनंती केल्यावर चौथ्यांदा माणूस संकोचतो. म्हणजे त्याचा अभ्यास त्याच्या बुद्धीवर जितका, तितकाच वाचणाऱ्याच्या सवडीवर, घशावर आणि स्वभावावर अवलंबून राहतो. वाचणारा आजारी पडला की ग्रंथ मिटला. तो परगावी गेला की तो विषयच संपला. गुलाबराव महाराजांच्या अफाट स्मरणशक्तीचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण त्या स्मरणशक्तीला दुसरा पर्याय तरी कुठे होता? पान पुन्हा उघडता येत नाही हे ज्याला ठाऊक असते, त्याला पहिल्याच वेळी सगळे साठवून घ्यावे लागते.

१८९६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव मनकर्णिका. त्यांना अनंत नावाचा मुलगा झाला. १९०१ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला दर्शन देऊन मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या संताची मुलगी होणे, ही कल्पनाच अद्भुत आहे. पुढे १९०५ मध्ये त्यांनी कात्यायनी व्रत केले, श्रीकृष्णाला पती मानून स्त्रीवेष आणि सौभाग्यलेणी धारण केली. अद्वैत न सोडता भक्तीचे माधुर्य कसे टिकते हे सांगणारे त्यांचे मधुराद्वैत या साधनेतून उभे राहिले. वऱ्हाडातील एका गृहस्थाश्रमी पुरुषाने हे उघडपणे करावे, याला केवढे धैर्य लागले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

त्यांच्या लेखनाचा मुख्य काळ १९०१ नंतरचा. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांत सहा हजार पाने. सरासरी काढली तर दिवसाला एका पानाहून अधिक. आणि हे सगळे तोंडी सांगितलेले. जो लेखनिक समोर असेल त्याने उतरून घ्यायचे. मराठीत सांगितले, संस्कृतात सूत्रे आणि भाष्ये सांगितली, हिंदीत पदे रचली, वऱ्हाडी बोलीत गाणी केली. ओव्या-अभंगांची संख्या हजारांत मोजावी लागते. 'नावंग' नावाची एक नवी भाषा आणि तिचे व्याकरण रचण्याचाही खटाटोप त्यांनी केला. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्याला जगाने एकही लिपी हाती दिली नाही, तो स्वतःसाठी अख्खी भाषाच तयार करायला बसतो!

त्यांच्याभोवती हळूहळू वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे एक मंडळ जमत गेले. त्यांत सुशिक्षित, नोकरीपेशातले, संस्कृत-इंग्रजी जाणणारे लोक होते. बाबाजी महाराज पंडित हे त्यांतले प्रमुख शिष्य. महाराजांच्या मागे त्यांनी ही परंपरा चालवली आणि ग्रंथ टिकवले. गुरूला वाचून दाखवायचे आणि गुरूचे उतरून घ्यायचे, हीच त्या शिष्यांची सेवा होती. वऱ्हाड-नागपूरपासून आळंदी-पुण्यापर्यंत महाराज हिंडले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचा देह पडला.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावेसे वाटते. लुई ब्रेल या फ्रेंच अंध शिक्षकाने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ मध्येच प्रसिद्ध केली होती. तिच्यावर त्याने मालकी सांगितली नाही. ज्याला हवी त्याने ती वापरावी. हिंदुस्थानात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली, तेव्हा गुलाबराव सहा वर्षांचे होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांची शाळा सुरू केली. छप्पन्याच्या दुष्काळाने पोरकी केलेली मुले तिच्यात आली. पण वऱ्हाडात किंवा निजामाच्या मराठवाड्यात यातले काहीच पोचले नाही. भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरायला १९५१ साल उजाडले आणि त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. तोवर महाराजांना जाऊन छत्तीस वर्षे झाली होती.

गुलाबराव महाराजांना शिष्य मिळाले, कारण ते गुलाबराव महाराज होते. ज्याच्या वाणीत तेज आहे त्याच्यापाशी माणसे बसतात. पण त्याच काळात वऱ्हाडात आणि मराठवाड्यात किती आंधळी मुले असतील? देवीच्या साथीत डोळे गेलेली, उपासमारीने डोळे गेलेली? त्यांतल्या एखाद्यालाही चांगली बुद्धी नसेल असे कसे म्हणावे? त्यांना वाचून दाखवायला कोणी बसले नाही, इतकेच. ते देवळाच्या पायरीवर बसले. महाराजांचे चरित्र दैवी कृपेची कथा म्हणून सांगितले जाते. माझ्या मते ती वाचून दाखवणाऱ्या माणसांच्या कृपेचीही कथा आहे. आणि ज्ञान जेव्हा कृपेवर अवलंबून असते तेव्हा ते हजारांत एकाच्या वाट्याला येते.

या एकाला ते हजारांना मिळायचे तर वाचणाऱ्याचा आवाज साठवता आला पाहिजे, किंवा पुस्तकाचे रूप पालटता आले पाहिजे. विज्ञानाने हे दोन्ही शक्य केले. टेप आली, ध्वनिफिती निघाल्या, ब्रेल छापता येऊ लागले आणि पुढे संगणकच पुस्तक वाचून दाखवू लागला. आणि नेमक्या याच टप्प्यावर कायदा आडवा आला. मी माझ्या विद्यार्थ्यासमोर बसून पुस्तक वाचत होतो तोवर कोणाचीच हरकत नव्हती. तेच वाचन टेपवर घेऊन त्याच्या दहा प्रती काढल्या आणि दहा अंध मुलांना दिल्या की ती पुस्तकाची नक्कल झाली. नक्कल करण्याचा अधिकार लेखकाचा किंवा प्रकाशकाचा. म्हणजे परवानगी मागणे आले.

हे बंधन किती काळचे, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या देशात १९१४ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे स्वामित्वहक्क राही. १९५७ च्या कायद्याने तेच ठेवले. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत होती, तेव्हा ती वाढवून साठ वर्षे करण्यात आली. महाराज १९१५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या ग्रंथांवरचा हक्क १९६५ अखेर संपला, आणि जे मागाहून प्रथम छापले गेले त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजावी लागते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. आता आपल्या नांदेडचेच उदाहरण घेऊ. नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०४२ अखेरपर्यंत चालेल. नांदेडच्या ज्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते, तिथल्या एखाद्या अंध विद्यार्थ्याला कुरुंदकर वाचायचे असतील, तर जुन्या कायद्याप्रमाणे त्याने एक तर परवानगीची वाट पाहावी किंवा २०४३ उजाडण्याची!

लेखकाचा हक्क मला मान्य आहे. लेखणीवर जगणे मराठीत मुळातच अवघड, त्यात चोरटी छपाई झाली तर लेखक आणि प्रकाशक दोघेही बुडतात. पण अंध वाचक हा प्रकाशकाचे गिऱ्हाईक पळवणारा स्पर्धक नाही. छापील प्रत त्याच्या उपयोगाची नाही म्हणून तर तो वेगळे रूप मागतो. त्याला ते मिळाल्याने दुकानातली एकही प्रत विकायची राहत नाही. तेव्हा हक्क अबाधित ठेवून त्याला एक अपवाद करावा, अशी मागणी देशभरातल्या अंध व्यक्तींच्या संघटनांनी अनेक वर्षे लावून धरली. २०१० मध्ये जे विधेयक आले त्यात हा अपवाद अंधांसाठीच खास बनवलेल्या स्वरूपापुरता, म्हणजे मुख्यतः ब्रेलपुरता होता. ज्याची दृष्टी तरुणपणी किंवा उतारवयात गेली त्याला ब्रेल येत नसते. तो ऐकतो किंवा संगणकावर अवलंबून असतो. संघटनांनी आणि चेन्नईचे तरुण वकील राहुल चेरियन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे संसदेपुढे मांडले. विधेयक बदलले आणि २१ जून २०१२ पासून सुधारित कायदा अमलात आला. चेरियन पुढच्याच वर्षी वारले.

या कायद्यातील कलम ५२ चे एक पोटकलम प्रत्येक शिक्षकाने आणि ग्रंथपालाने वाचावे असे आहे. त्याचा सारांश सोपा आहे. अपंग व्यक्तीला नेहमीच्या स्वरूपात एखादे पुस्तक वापरता येत नसेल, तर त्याचे तिला वापरता येईल अशा कोणत्याही स्वरूपात रूपांतर करता येते. ब्रेल, ध्वनिफीत, मोठा टाइप, संगणकाची फाइल, काहीही. हे कोणीही व्यक्ती करू शकते, तसेच अपंगांसाठी काम करणारी संस्था, सरकारमान्य शिक्षणसंस्था आणि सरकारमान्य ग्रंथालयही करू शकते. प्रकाशकाची परवानगी लागत नाही, मानधन द्यावे लागत नाही. अटी अशा, की त्यातून नफा काढायचा नाही, फार तर खर्च भरून घ्यायचा, आणि त्या प्रती अपंग वाचकांपुरत्याच राहतील, बाजारात जाणार नाहीत याची संस्थेने काळजी घ्यायची. नफ्यासाठी कोणाला हे करायचे असेल तर त्याच्यासाठी सक्तीच्या परवान्याची वेगळी वाट आहे. या कलमाचा लाभ अंधांपुरता नाही. ज्याला हातांत पुस्तक धरता येत नाही, ज्या मुलाला डोळे असूनही अक्षरांची जुळणी लागत नाही, अशांनाही तो आहे.

त्यानंतर २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील मराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. एका देशात तयार झालेली अशी प्रत दुसऱ्या देशाला देण्याची मुभा त्याने दिली. २४ जून २०१४ रोजी या कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. ३० सप्टेंबर २०१६ पासून करार लागू झाला. या चळवळीत एक शब्दप्रयोग रूढ होता, पुस्तकांचा दुष्काळ. जगात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी अगदी थोडी पुस्तके अंधांना वाचता येतील अशा स्वरूपात येतात, म्हणून हा शब्द.

दुष्काळ म्हणजे काय हे लातूरकरांना कोणी शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणी भरून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. देशभर तिची छायाचित्रे झळकली. पण लातूरच्या माणसाला हेही ठाऊक आहे, की गाडी स्टेशनात येणे आणि पाणी आपल्या घागरीत येणे यांत बरेच अंतर असते. ते पाणी विहिरीत उतरवायचे, शुद्ध करायचे, टाकीत चढवायचे, टँकरमध्ये भरायचे आणि मग गल्लीत न्यायचे. त्याच वर्षी २४ ऑगस्टला 'सुगम्य पुस्तकालय' नावाचे अंधांसाठीचे संगणकीय ग्रंथालय देशात सुरू झाले. ही आपल्या पुस्तकांच्या दुष्काळातली पाण्याची गाडी. ती आली, फार चांगले झाले. पण आमच्या गल्लीचे काय?

मराठी पुस्तकाचे एक वेगळे दुखणे आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपली पुस्तके संगणकावर जुळवली गेली, पण त्यांतली पुष्कळशी ज्या जुन्या फॉन्टांत जुळवली गेली ते वाचन करणाऱ्या संगणकाला कळत नाहीत. डोळ्यांना पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते आणि कानावर मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो. ती फाइल युनिकोडमध्ये आणावी लागते, जोडाक्षरे तपासावी लागतात. प्रकाशकाने फाइल दिलीच पाहिजे अशी सक्ती हे कलम करत नाही. ती न मिळाल्यास छापील पान यंत्राने टिपून घ्यायचे आणि चुका हाताने सुधारायच्या. म्हणजे इथेही कोणीतरी बसावेच लागते. फरक एवढाच, की गुलाबरावांच्या शिष्याने एकदा वाचलेले हवेत विरून जात होते, आणि आज एकाने एकदा केलेले काम पुढच्या प्रत्येक अंध वाचकासाठी उरते.

लातूरची ख्याती परीक्षेची. नीटच्या आणि बारावीच्या तयारीसाठी दूरदूरची मुले तिथे खोल्या घेऊन राहतात. या 'लातूर पॅटर्न'चा प्राण म्हणजे सराव. प्रश्नसंच, टिपणे, मार्गदर्शके यांचे डोंगर. हे सगळे छापील. अंध मुलगा जेव्हा स्पर्धा परीक्षेला बसतो तेव्हा परीक्षेच्या खोलीत त्याला लेखनिक मिळतो, वाढीव वेळ मिळतो. त्या तीन तासांची सोय कायद्याने झाली. त्याआधीच्या तीन वर्षांच्या अभ्यासाची सोय कोणी करायची? उत्तर लिहायला हात मिळाला, पण पुस्तक वाचायला डोळा मिळाला नाही, अशी ही अवस्था आहे.

मी वाचून दाखवत असे त्या विद्यार्थ्यासाठी त्याच्या महाविद्यालयाने एका प्रकाशकाला पत्र पाठवून दोन पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी मागितली होती. उत्तर आले नाही. स्मरणपत्र गेले, त्याचेही उत्तर आले नाही. परीक्षा होऊन गेली. ही गोष्ट २०१२ नंतरची आहे. परवानगीची गरजच उरलेली नव्हती, हे महाविद्यालयात कोणाला ठाऊक नव्हते. प्रकाशकालाही असेल असे वाटत नाही. कायद्याने कुलूप काढले होते आणि दोन्ही बाजूंची माणसे बंद दारासमोर उभी होती. तो मुलगा माझ्यासारख्यांच्या सवडीवर पास झाला. म्हणजे त्याचे शिक्षण १९०५ सालच्या माधानमध्ये झाले, असेच म्हणावे लागेल. फक्त त्याच्यापाशी गुलाबराव महाराजांची स्मरणशक्ती नव्हती आणि सेवाभावी शिष्यांचा मेळा नव्हता. तो सामान्य बुद्धीचा, कष्टाळू, चांगला मुलगा होता. सामान्य बुद्धीच्या डोळस मुलाला जर पुस्तक सहज मिळते, तर ते मिळण्यासाठी आंधळ्या मुलानेच महापुरुष का असावे?

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. यांतल्या प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथालय आहे, ग्रंथपाल आहे, संगणक आहे. कायद्याने हा अधिकार त्यांच्या हाती आधीच दिलेला आहे. एकेका महाविद्यालयाने अभ्यासक्रमातली दोनच पुस्तके घेतली, ती विद्यार्थ्यांकडून वाचून ध्वनिमुद्रित करवून घेतली किंवा युनिकोडमध्ये आणली, आणि एकमेकांना दिली, तर काही वर्षांत चारही जिल्ह्यांतल्या अंध मुलांचा अभ्यासक्रम पुरा होईल. यासाठी निधीपेक्षा माहितीची आणि थोड्या चिकाटीची गरज आहे. कामाची विभागणी करणारा कोणीतरी पुढे यायला हवा.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता मराठीत आणली, कारण संस्कृतातली गीता बहुतेकांच्या उपयोगाची नव्हती. ग्रंथ तोच, स्वरूप पालटले, आणि ज्यांना तो बंद होता त्यांना खुला झाला. सच्चिदानंदबाबांनी तो उतरून घेतला. अशा बापाची कन्या म्हणवणाऱ्या गुलाबराव महाराजांनी स्वतःचे आयुष्य दुसऱ्यांच्या आवाजातून ग्रंथ मिळवण्यात आणि दुसऱ्यांच्या हातून ग्रंथ लिहवण्यात घालवले. त्यांना ज्यांनी रात्री जागून वाचून दाखवले त्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे ऋण फेडायचे तर महाराजांच्या पुण्यतिथीला हार घालून ते फिटणार नाही. आपल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना एवढेच विचारावे, की इथल्या पुस्तकांपैकी किती पुस्तके आंधळ्या माणसाला वाचता येतात. बहुतेक ठिकाणी उत्तर शून्य येईल. तिथून कामाला सुरुवात करता येते, आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही.